गूढ-अद्भुत ऐतिहासिक कादंबरीमालेचा दुसरा भाग कसा वाचावा?

डिचोली तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी दोनेक वर्षांपूर्वी एका कादंबरीमालेचा पहिला भाग वाचला होता. नायक जुन्या गोव्यातील विजरईच्या, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या, दरबारात दुभाष्याचे काम करणारा हिंदू गृहस्थ असून मृत माणसाची वस्तू हातात घेतली की त्या माणसाचे अखेरचे शब्द त्याला ऐकू येतात. पहिल्या भागातील खून नोव्हेंबर १६८३ मध्ये, संभाजी महाराजांची फौज जुन्या गोव्याच्या दारात येऊन ठेपली असताना घडतो. दुसरा भाग १६८४ मध्ये घडतो. दिवाडी बेटाच्या काठावर एक प्रेत सापडते आणि तपासाची वाट नदीपलीकडे नार्व्याकडे वळते. वाचकाच्या तक्रारी चार आहेत. पहिला भाग बराचसा विसरला आहे, तो पुन्हा वाचावा का? पहिल्या भागात दुभाष्याला फक्त ताज्या मृतांचे शब्द ऐकू येत असत, आता दोन वर्षे जुन्या अंगठीतूनही येतात, ही लेखकाची चूक नव्हे का? कथा १६८४ ची असताना मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रावर ‘१० जानेवारी १६८३’ अशी तारीख कशी? आणि पहिल्या भागासारखी भीती या भागात का वाटत नाही? शिवाय त्यांच्या नार्व्याच्या एका स्नेह्यांना, गावाचा उल्लेख आहे म्हणून, थेट दुसऱ्याच भागापासून सुरुवात करायची आहे.

अशा मालिकांची हस्तलिखिते तपासणे आणि वाचक-मंडळांत त्यांवर चर्चा घडवून आणणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की पहिला भाग अथपासून इतिपर्यंत पुन्हा वाचण्याची गरज नाही. दुसऱ्या भागाकडे जाताना पहिल्या भागाचे कथानक आठवत नसले तरी फारसे बिघडत नाही, कारण कोणताही जबाबदार लेखक खुनी कोण होता, कोण मेले, कोण परागंदा झाले हे पहिल्या पन्नास पानांत कोणाच्या तरी तोंडून वदवून घेतोच. जे तो पुन्हा सांगत नाही आणि ज्यावाचून दुसरा भाग अधांतरी राहतो, ते म्हणजे अद्भुताचे नियम. तेव्हा पहिल्या भागातील दोनच प्रकरणे काढून वाचावीत: दुभाष्याला ही शक्ती प्रथम जाणवते ते प्रकरण आणि ती शक्ती त्याला दगा देते ते प्रकरण. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. शक्ती कुठे चालते हे लेखक हौसेने दाखवतो, पण ती कुठे थांबते हे एखाद्याच प्रसंगात, तेही ओझरते, लिहून ठेवतो, आणि पुढच्या भागातील सगळी गुंतागुंत बहुधा त्याच ओळीवर उभी असते. एका कागदावर एवढे टिपून घ्यावे: कोणत्या वस्तूतून ऐकू येते, किती शब्द येतात, कोणत्या भाषेत येतात, ऐकल्यावर दुभाष्याच्या शरीराला काय भोगावे लागते आणि ही गोष्ट आणखी कोणाला ठाऊक आहे. पुस्तकात खूण म्हणून तोच कागद ठेवावा.

नियमांवर माझा एवढा भर का, हे सांगायला हवे. शुद्ध रहस्यकथेने अद्भुताला मुळात दाराबाहेरच ठेवले होते. इंग्लंडमधील रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, १९२९ मध्ये या प्रकाराचे दहा दंडक मांडले आणि त्यांत अलौकिक शक्तींना साफ मज्जाव केला. कारण उघड आहे. भूतच येऊन खुन्याचे नाव सांगणार असेल, तर वाचकाने डोके कशाला चालवायचे? जो लेखक हा दंडक मोडून मृतांना बोलते करतो, त्याला त्याच्या जागी स्वतःचे दंडक घालून द्यावे लागतात, आणि वाचकाशी झालेला तो करार पहिल्या भागात लिहिला जातो. पहिला भाग लिहिताना लेखकाला पूर्ण मोकळीक असते. दुसऱ्या भागात मात्र तो आपल्याच लेखी करारात अडकलेला असतो, आणि त्यातून तो कसा वाट काढतो हे पाहणे हाच दुसऱ्या भागाचा खरा आनंद आहे, असे माझे मत आहे. अनेक वाचक याच जागी घाई करतात आणि नियमाचा भंग व नियमाचा उलगडा यांत गल्लत करतात.

आपल्या अंगठीच्या शंकेत नेमके हेच झाले असावे. पहिल्या भागात दुभाष्याला फक्त ताज्या मृतांचे शब्द ऐकू येतात, असे आपण लिहिता. परंतु ‘ताज्या’ हे लेखकाने कुठे स्पष्ट म्हटले आहे, की आपण प्रसंगांवरून तसे गृहीत धरले, हे मूळ पान उघडून पाहावे. आपण सांगितलेल्या तपशिलांवरून मला दिसते ते असे: पहिल्या भागातील सर्व मृतांवर एका दिवसाच्या आत अंत्यसंस्कार झाले होते, आणि त्यानंतर त्यांच्या वस्तू मुक्या झाल्या. वाचकाला वाटते, दिवस उलटला म्हणून आवाज बंद झाला. प्रत्यक्षात तो संस्कारांमुळे बंद झालेला असू शकतो. दोन वर्षे जुन्या अंगठीचा धनी कोणताही विधी न होता गाडला गेला असेल, तर त्याचा आवाज त्या अंगठीत अडकून राहणे हा त्याच नियमाचा पुढचा पदर ठरतो, आणि तसे असेल तर लेखकाने आपल्याला फारच सफाईने चकवले आहे.

या ठिकाणी इतिहास निव्वळ पडद्यासारखा मागे टांगलेला राहत नाही. तिसवाडी, बारदेस, सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, त्या काळी हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींवर निर्बंध होते, आणि विवाहासारखी कार्ये उरकण्यासाठी कुटुंबे हद्द ओलांडून जात असत. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे कॅथलिक न्यायालय, १६८४ मध्ये जोरात होते. अशा समाजात एखाद्या मृताला विधी मिळाला की नाही, कोणत्या धर्माचा मिळाला, उघड मिळाला की चोरून, हे प्रश्न भूतकथेने बाहेरून आणण्याची गरजच नसते. म्हणून अंगठीच्या प्रकरणात लेखक मृताच्या विधीबद्दल काय म्हणतो ते शोधावे. त्याने चकार शब्द काढला नसेल आणि केवळ कथानक अडले म्हणून शक्ती वाढवली असेल, तर आपली तक्रार रास्त आहे. वाढलेल्या शक्तीची किंमतही नायकाने मोजलेली नसेल, तर पुस्तक तिथेच मिटले तरी चालेल.

तारखेची शंका मला सर्वांत आवडली, कारण ती छापण्यातील चूक नसून बहुधा रहस्याचा दुवाच आहे. पोप ग्रेगरी तेरावे यांची पंचांग-सुधारणा १५८२ मध्ये आली आणि पोर्तुगालने ती लगेच स्वीकारली. त्या वर्षी तेथे ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मोजला गेला. इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे १६८४ मध्ये मुंबईचा इंग्रज कारकून आणि जुन्या गोव्याचा पोर्तुगीज कारकून एकाच सकाळी दौतीत लेखणी बुडवत असले, तरी त्यांच्या कागदांवरील तारखांत दहा दिवसांचे अंतर असे. भरीला इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून जानेवारी महिना ते मागील वर्षातच धरत. आपल्या पत्रावरील ‘१० जानेवारी १६८३’ म्हणजे गोव्याच्या हिशेबाने २० जानेवारी १६८४. त्याच दिवशी लिहिलेल्या मराठी कागदावर शके १६०५ असेल, आणि तो छत्रपतींच्या दरबारातून निघाला असेल तर राज्याभिषेक शक १० असेल.

आता हे कथेला लावून पाहावे. पत्र गोव्यात पोचल्याची पोर्तुगीज नोंद समजा २८ जानेवारीची आहे. दोन्ही तारखा जशाच्या तशा वाचणारा म्हणेल की पत्राला अठरा दिवस लागले, आणि या अठरा दिवसांत जासूद वाटेत कुठे रेंगाळला याचा शोध घेत बसेल. प्रत्यक्षात त्याला आठच दिवस लागले आहेत, म्हणजे तो कुठेही थांबलेला नाही, आणि दिवाडीच्या काठावर त्याला रेंगाळताना पाहिले असे सांगणारा साक्षीदार खोटे बोलतो आहे. दोन्हीकडचे कागद रोज हाताळणाऱ्या दुभाष्यालाच हे चटकन उमगेल. त्यासाठी मृताच्या आवाजाची गरज नाही. दुसऱ्या भागात लेखकाने नायकाच्या पेशाला त्याच्या शक्तीपेक्षा वरचे स्थान दिले असेल, तर मी ते मालिकेच्या प्रगतीचे लक्षण मानीन. जाता जाता एक गोष्ट तपासून पाहावी. त्या पत्राखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नराची सही असेल, तर मात्र लेखक घसरला आहे, किंवा पत्रच बनावट आहे. डिसेंबर १६८३ मध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विन याने कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई इंग्लंडच्या राजाच्या नावाने ताब्यात घेतली होती आणि नोव्हेंबर १६८४ पर्यंत ती त्याच्याच हाती होती.

इतिहास किती खरा मानावा, हा प्रश्न आपण सरळ विचारलेला नाही, पण पहिल्या भागाच्या शेवटाबद्दल आपण जे लिहिले आहे त्यात तो दडलेला आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी जुव्याचे बेट, म्हणजे सांत इस्तेव्ह, घेतले, तेव्हा विजरई कोंद द आल्व्होर सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी गेला आणि आपला अधिकारदंड संताच्या स्वाधीन करून त्याने शहराच्या रक्षणाची याचना केली. त्यानंतर जानेवारीच्या सुमारास मराठी फौज माघारी फिरली. गोव्यातील कित्येक कॅथलिक घरांत आजही हा संताचा चमत्कार म्हणून सांगितला जातो. इतिहासाचा विद्यार्थी सांगेल की औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरत होता आणि मागे मोगल व पुढे फिरंगी अशा कात्रीत सापडण्यापेक्षा संभाजी महाराजांनी माघार पत्करली. अद्भुत कादंबरीकाराला याहून चांगली सामग्री मिळणार नाही, कारण इथे दोन्ही खुलासे त्याने रचलेले नाहीत. ते समाजात तीनशे वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदत आले आहेत. आपण म्हणता की पहिल्या भागाच्या शेवटी लेखकाने कोणता खुलासा खरा हे सांगितले नाही आणि त्याची आपल्याला चुटपुट लागली. माझ्या मते तो संयम योग्य होता, आणि दुसऱ्या भागात तो टिकला आहे की नाही हे पाहण्यासारखे आहे. मालिका पुढे सरकू लागली की बऱ्याच लेखकांना प्रत्येक धूसर गोष्टीवर दिवा धरण्याचा मोह होतो. चमत्काराच्या जागी एखादा गुप्त कट आणला जातो, आणि चमत्कारही जातो व राजकारणही जाते.

लेखकाचे मनोगत आणि परिशिष्ट कथा संपल्यावरच वाचावे. त्यात कोणती पात्रे खरी आणि कोणती काल्पनिक हे दिलेले असते आणि त्यावरून खुनी कोण नसणार याचा अंदाज आपोआप येतो. खरी ऐतिहासिक व्यक्ती सहसा काल्पनिक खुनाची गुन्हेगार ठरत नाही, एवढा संकेत बहुतेक लेखक पाळतात. मलपृष्ठावरील मजकूर तर वाचूच नये. ज्यांना खरा इतिहास मुळातून पाहायचा आहे त्यांनी पांडुरंग पिसुर्लेकर यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ उघडावे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, म्हणजे १८३२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता पाटोवर असलेल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात, गोव्याच्या इतिहासावरील पुस्तकांचे स्वतंत्र दालन धुंडाळण्यासारखे आहे. मात्र इन्क्विझिशनच्या कोठडीतील प्रसंगांना पुरावा शोधत बसू नये. ते न्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले आणि गोव्यातील खटल्यांच्या मूळ कागदांचा फार मोठा भाग नष्ट झाला, त्यामुळे तेथे कादंबरीकाराला मोकळे रान आहे. त्या मोकळ्या रानालाही कुंपण असते: त्या कोठडीतून सुटलेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्याचा वृत्तान्त १६८७ मध्ये छापला गेला, तेव्हा १६८४ मधील एखादे पात्र तो वाचताना दिसले तर खुशाल पेन्सिलीने समासात खूण करावी. पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर करू नये.

भीती कमी झाली, ही तक्रार मी दुसऱ्या भागांबाबत इतक्यांदा ऐकली आहे की तिला दोष म्हणण्यापेक्षा प्रकृती म्हणावे असे वाटते. पहिल्यांदा मृताचा आवाज ऐकू येतो तेव्हा दुभाष्याबरोबर आपणही दचकतो. विसाव्यांदा दचकत नाही, आणि लेखकाने आवाज आणखी घोगरा केला म्हणून काही दचकू लागणार नाही. पुढच्या भागात भीतीची जागा कशाने तरी भरून काढावी लागते. ते आपल्या गोव्याच्या मातीतून शोधता येते. आपल्याकडचा देवचार हा निव्वळ घाबरवणारा नाही. तो गावच्या सीमेचा राखणदार आहे, त्याच्याशी गावाचा व्यवहार आहे, त्याला रोट द्यायचा असतो आणि दिलेला शब्द चुकवायचा नसतो. वेताळाला पायताण अर्पण करतात, कारण रात्रभर गावाभोवती फिरून त्याचे झिजते अशी श्रद्धा आहे. आपल्याच तालुक्यात साळ गावी गड्यांच्या उत्सवाच्या रात्री डोंगराच्या बाजूला दिसणाऱ्या उजेडाकडे हजारो माणसे पाहत बसतात, तेव्हा तिथे किंकाळ्या ऐकू येत नाहीत. एक प्रकारची अदब असते. दुसऱ्या भागातील नार्व्याच्या वाटेवर दुभाष्याला राखणदार भेटतो असे आपण लिहिता आणि तो ‘सौम्य’ वाटला म्हणता. तो प्रसंग भीतीच्या अपेक्षेने न वाचता देण्याघेण्याचा प्रसंग म्हणून पुन्हा वाचून पाहावा. त्याने दुभाष्याकडून काय मागितले, दुभाष्याने काय कबूल केले, आणि पुस्तक संपेपर्यंत ते फेडले का? फेडले नसेल तर तिसऱ्या भागाचे बी तिथेच पेरलेले आहे, हे मी न वाचताही सांगू शकतो.

नार्व्याची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. सप्तकोटीश्वराचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. ते पाडले गेल्यावर देव नदीपलीकडे नार्व्यात आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आज दिवाडीहून फेरीबोटीने काही मिनिटांत आपण पलीकडे जातो. १६८४ मध्ये मात्र तेवढेच पाणी ओलांडले की विजरईचा हुकूम संपत असे, कारण डिचोली पोर्तुगीजांच्या हाती यायला अजून जवळजवळ शंभर वर्षे होती. प्रेत एका काठावर आणि साक्षीदार दुसऱ्या काठावर ठेवून लेखकाने दुभाष्याचा सरकारी अधिकार हिरावून घेतला आहे. त्याच वर्षी जून महिन्यात विजरईने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी असे फर्मान काढले होते. कथा पावसाळ्यापर्यंत चालत असेल, तर भाषांवर पोट असलेल्या या माणसाच्या डोक्यावर त्या फर्मानाची टांगती तलवार दिसायला हवी. ती दिसत नसेल, तर एवढ्या चांगल्या काळाची निवड करून लेखकाने त्यातला हुकमी पत्ता हातातच ठेवला, असे मी म्हणेन.

राहिला प्रश्न आपल्या स्नेह्यांचा. काही मालिका कुठूनही वाचता येतात. नारायण धारपांच्या समर्थ-कथा ज्यांनी मिळेल त्या क्रमाने वाचल्या त्यांचे काही अडले नाही, कारण समर्थ प्रत्येक कथेच्या अखेरीस होते तसेच राहतात. शेरलॉक होम्सला कॉनन डॉइलने १८९३ मध्ये मारले आणि १९०१ मध्ये बास्करव्हिलच्या कुत्र्याची कथा त्या मृत्यूच्या आधीची म्हणून सुरू केली, तरी वाचकांना ती स्वतंत्रपणे पुरली. आपल्या मालिकेचा नायक मात्र पहिल्या भागात बदलला आहे. त्याने काय ऐकले आणि ते कोणापासून लपवले यावर त्याचे पुढचे वागणे ठरते. तेव्हा क्रम पाळावा हे बरे, आणि तोही प्रकाशनाचा. मालिकेत पुढे कधी दुभाष्याच्या तरुणपणीची कथा आली, तरी ती छापली जाईल त्याच क्रमाने वाचावी, कारण लेखकाने वाचकाच्या माहितीचा हिशेब त्याच क्रमाने ठेवलेला असतो. स्नेह्यांना गावच्या ओढीने धीरच धरवत नसेल, तर त्यांनी दुसरा भाग खुशाल आधी वाचावा. पण अंगठीचे प्रकरण आले की थांबून आपल्याकडून नियमांचा तो कागद मागून घ्यावा. मात्र कागद हाती देण्यापूर्वी त्यावर पहिल्या भागातील खुन्याचे नाव लिहिलेले नाही, एवढी खात्री आपण करून घ्यावी.